ह हत्तीचा, एच हिंगोलीचा

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात आपलं हसनाबाद आहे. तेलंगणाच्या सिद्दीपेट जिल्ह्यात हुस्नाबाद आहे. पश्चिम बंगालमध्ये, उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात, इच्छामती नदीच्या काठी आणखी एक हसनाबाद आहे. पहिली दोन गावं एकेकाळी निजामाच्या राज्यात होती. उर्दूच्या रोजच्या लिखाणात झेर, झबर, पेश ही स्वरचिन्हं गाळतात, आणि ते गाळले की ‘हसन’ व ‘हुस्न’ हे दोन शब्द कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. रोमन लिपीत दोन गावांच्या नावांत एका अक्षराचा फरक उरतो : आपल्यात ‘ए’, त्यांच्यात ‘यू’. आपल्याकडच्या माणसानं फोनवर ‘हसनाबाद’ म्हटलं आणि पलीकडे हैदराबादेत बसलेल्या मुलीनं तिच्या ओळखीचं हुस्नाबाद टाइप केलं, तर तिला बोल लावता येत नाही. नावातलं अक्षर सुटं करून सांगायला हवं होतं, आणि ते कसं सांगायचं हे आपल्या माणसाला शाळेत कुणी शिकवलेलं नव्हतं.

ते शिकवावं म्हणून ही पुस्तिका आहे.

अक्षर तोंडी सांगणं ही पूर्वी मोजक्या लोकांची गरज होती. आगबोटीवरचे बिनतारी यंत्रवाले, वैमानिक, सैन्यातले सिग्नलवाले, पोलिसांच्या वायरलेस खोलीतले कर्मचारी यांना ती विद्या लागे आणि त्यांना ती पद्धतशीर शिकवली जाई. बाकीच्यांचं काम कागदावर चाले. तालुक्याला जायचं, कागद पुढे करायचा, कारकून बघून लिहून घ्यायचा. आता कागद खिशातच राहतो आणि माणूस बोलतो. पावसानं पिकाचं नुकसान झालं की विम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि ते बहुधा फोनवरच कळवलं जातं. बँकेचा आयएफएससी पुण्यातल्या मुलाला सांगायचा असतो. पॅन क्रमांक सांगायचा असतो. चोरीला गेलेल्या मोटरसायकलचा नंबर ठाण्यावर सांगायचा असतो. हे सगळं इंग्रजी अक्षरांत असतं आणि ते सांगणाऱ्या अनेकांचं इंग्रजी अक्षरांशी नातं चौथी-पाचवीपुरतं राहिलेलं असतं.

असा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. ज्ञानेश्वर हे मराठवाड्यात घरटी सापडेल असं नाव. रोमनमध्ये त्याची सुरुवात होते ‘डी’नं, मग ‘एन’, मग ‘वाय’. पलीकडचा माणूस हिंदी मुलखातला असला तर त्याच्या कानाला हे नाव ‘ग्यानेश्वर’ आहे आणि तो ‘जी’ लिहायला बसलेला आहे. आपला माणूस म्हणतो, “जी नाही, डी.” तिकडून विचारणा होते, “टी?” हा आवाज चढवतो, “डी, डी!” तिकडून : “बी?” मग आपल्या माणसाला सुचतं ते तो सांगतो, “डी डोंगराचा.” पलीकडे शांतता. डोंगर हा शब्दच त्याच्या ओळखीचा नाही. शेवटी कुणीतरी शेजारून म्हणतं, “डी दिल्लीचा सांग,” आणि अक्षर एका दमात पोचतं.

आवाज चढवून काही साधत नाही, कारण अडचण मोठ्या-लहान आवाजाची नाहीच. इंग्रजी वर्णमालेत बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही या सगळ्यांच्या शेवटी तीच एक ‘ई’ आहे. ए, जे, के यांच्या शेवटी ‘ए’ आहे. एफ, एल, एम, एन, एस, एक्स हे ‘ए’नं सुरू होतात आणि मग ओठ मिटल्याचा किंवा हवा सुटल्याचा निसटता आवाज करून संपतात. एच आणि आकड्यातला एट यांचीही तीच गत. म्हणजे अक्षराची ओळख पटवणारा भाग अगदी बारीक आणि सगळ्यांत सारखा असलेला भाग मात्र ठसठशीत. त्यातून टेलिफोनची जुनी तार साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढीच आवाजाची पट्टी वाहून नेते. ‘एस’ आणि ‘एफ’ यांच्यातला फरक मुख्यतः या पट्टीच्या वर असतो, तो वाटेतच गळून पडतो. आजच्या फोर-जी फोनवर ही पट्टी ७,००० हर्ट्‌झपर्यंत जाऊ शकते, पण दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या वाटेवर ती सोय असली तरच. वारा सुटलेल्या शेतात, मागे मळणी यंत्र चालू असताना, ती सोय असूनही फारसा उपयोग नसतो.

पॅन क्रमांकाचं उदाहरण यासाठी मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यातलं चौथं अक्षर धारक कोण आहे ते सांगतं. व्यक्ती असेल तर पी, कंपनी असेल तर सी, विश्वस्त संस्था असेल तर टी, व्यक्तींचा समूह असेल तर बी, सरकारी संस्था असेल तर जी. पाचही अक्षरं एकाच ‘ई’वर संपणारी! कागदावर हा संकेत नेटका आहे. बोलताना मात्र नेमकं हेच अक्षर सगळ्यांत निसरडं. आयएफएससीत पाचवी जागा नेहमी शून्याची असते आणि लोक तिथे ‘ओ’ सांगतात, ‘ओ’ लिहितात. वाहनांच्या नंबरात मात्र अक्षरांच्या मालिकेतून ‘आय’ आणि ‘ओ’ सहसा वगळतात, म्हणजे एक आणि शून्य यांच्याशी घोळ होत नाही. ज्यानं हे ठरवलं त्यानं रस्त्यावर नंबर वाचणाऱ्या माणसाचा विचार केला होता. असा विचार बाकीच्या क्रमांकांसाठीही व्हायला हवा होता.

यावरचा उपाय जगानं शंभर वर्षांपूर्वीच शोधला. अक्षर नुसतं सांगायचं नाही, त्या अक्षरानं सुरू होणारा ठरलेला शब्द सांगायचा. शब्दात दोन-तीन स्वर असतात, आघात असतो, लांबी असते. त्यातलं काही गळालं तरी उरलेल्यावरून शब्द ओळखू येतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर नागरी वापरासाठी पहिली यादी १९२७मध्ये ठरली आणि १९३२मध्ये सुधारली. त्या सुधारित यादीत ॲमस्टरडॅम, बाल्टिमोर, कासाब्लांका अशी बरीचशी गावांचीच नावं होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची एबल, बेकर, चार्ली ही यादी चालली. पण ती इंग्रजी बोलणाऱ्यांच्या सोयीची होती, आणि युद्धानंतर विमानं तर साऱ्या जगात उडू लागली होती.

मग आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं मॉन्ट्रियल विद्यापीठातले भाषाविज्ञानाचे प्राध्यापक झाँ-पॉल विने यांना हाताशी धरलं. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तिन्ही भाषांच्या तोंडात बसतील असे शब्द हवे होते. १९५१मध्ये पहिली यादी लागू झाली. सी म्हणजे कोका, एम म्हणजे मेट्रो, एन म्हणजे नेक्टर, यू म्हणजे युनियन, एक्स म्हणजे एक्स्ट्रा. प्रत्येक शब्द सुटा ऐकला तर स्वच्छ कळत होता. पण खरखर वाढली की नेक्टर आणि व्हिक्टर एकमेकांत मिसळू लागले, डेल्टा आणि एक्स्ट्रा यांचाही गोंधळ होऊ लागला. पुन्हा चाचण्या झाल्या, ३१ देशांच्या लोकांकडून शब्द बोलवून-ऐकवून घेतले गेले, या पाच अक्षरांचे शब्द बदलले, आणि १ मार्च १९५६ पासून आजची यादी चालू झाली : अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, हॉटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लिमा, माइक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, क्वेबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्स-रे, यांकी, झुलू. आकड्यांचीही दुरुस्ती झाली. नाइनचं ‘नायनर’ झालं, कारण ते फाइव्हसारखं ऐकू येई. फाइव्हचं ‘फाइफ’ झालं.

या इतिहासातून मी घेतो तो धडा एकच. यादीतले शब्द एकेकटे तपासून भागत नाही. प्रत्येक शब्द बाकीच्या पंचविसांपासून वेगळा ऐकू येतो की नाही, हे पाहावं लागतं.

ही यादी आपल्याकडे रोज वापरात आहे. भारतीय विमानांच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात व्हिक्टर टँगोनं होते, हौशी रेडिओवाल्यांच्या संकेतनामाची व्हिक्टर युनिफॉर्मनं. आपल्याला जवळचं चिकलठाणा विमानतळ वैमानिकांच्या नकाशावर व्हिक्टर अल्फा अल्फा युनिफॉर्म आहे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हौशी रेडिओवाले आपले संच घेऊन त्या भागात गेले होते. गावांची आणि माणसांची नावं खरखरत्या लाटांवरून बिनचूक पोचवायची, तर अशा यादीवाचून गत्यंतर नसतं.

पण हसनाबादच्या दुकानदारानं ‘हॉटेल अल्फा सिएरा’ म्हणायला सुरुवात केली तर पलीकडच्याला ते समजेल का? समोरचाही शिकलेला असेल तर समजेल. नसेल तर त्याला वाटेल, हा हॉटेलचा पत्ता सांगतोय. म्हणून आपल्या देशात लोकांनी आपण होऊन दुसरी यादी घडवली आणि ती गावांची आहे. डी दिल्लीचा, एम मुंबईचा, एन नागपूरचा. ती कुठल्या परिषदेत ठरली नाही. ट्रंक कॉलच्या काळात एक्स्चेंजवरच्या ऑपरेटरला नाव सांगताना, फोनवरून तार लिहून देताना, रेल्वेचं आरक्षण करताना ती तोंडोतोंडी तयार झाली. गावाचं नाव दोन्ही टोकांच्या माणसांना माहीत असतं, हे तिचं मोठं बळ.

तिच्यातले कच्चे दुवेही सांगायला हवेत. बॉम्बे गेलं तसा बी बेवारस झाला, कलकत्त्याचं रोमन नाव बदललं तसा सी. जर्मनीचा अनुभव इथे आठवण्याजोगा आहे. तिथे टेलिफोनसाठी माणसांच्या नावांची यादी होती. १९३४मध्ये नाझी राजवटीनं तिच्यातली डेव्हिड, नेथन, सॅम्युएल ही ज्यूंची वाटणारी नावं काढून टाकली, आणि त्यांच्या जागी घातलेले बरेचसे शब्द युद्धानंतरही कित्येक दशकं लोकांच्या तोंडी राहिले. २०२२मध्ये जर्मनीच्या मानक संस्थेनं कार्यालयीन वापरासाठी नवी यादी केली ती शहरांची : आखेन, बर्लिन, केम्निट्झ. अक्षरासाठी आपण कोणता शब्द निवडतो, त्यात कोणाची नावं येतात आणि कोणाची वगळली जातात, हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. हसनाबादसारख्या, दखनी आणि मराठी शेजारी-शेजारी बोलल्या जाणाऱ्या परिसरात तर तो नक्कीच ध्यानात ठेवावा.

या पुस्तिकेत मी रोमन अक्षरांसाठी महाराष्ट्रातल्या गावांची यादी मुख्य धरली आहे. ए अमरावतीचा, बी बुलढाण्याचा, सी चंद्रपूरचा, डी धुळ्याचा, जी गोंदियाचा, एच हिंगोलीचा, जे जालन्याचा, के कोल्हापूरचा, एल लातूरचा, एन नांदेडचा, पी परभणीचा, एस सोलापूरचा, वाय यवतमाळचा. बीड मुद्दाम घेतलं नाही. एकाक्षरी उच्चाराचं गाव, खरखरीत ते टिकत नाही. फलटण घेतलं नाही, कारण त्याचं रोमन रूप ‘पी-एच’नं सुरू होतं, त्याऐवजी १९३६च्या काँग्रेस अधिवेशनाचं फैजपूर घेतलं. व्ही आणि डब्ल्यू यांच्यापाशी मात्र गावं हात टेकतात. वैजापूर ‘व्ही’नं लिहितात आणि वर्धा ‘डब्ल्यू’नं, पण कानाला दोन्हीकडे ‘व’च. तिथे सरळ व्हिक्टर म्हणावं, आणि डब्ल्यूला ‘डबल यू’. क्यू, एक्स आणि झेडसाठीही गाव शोधत बसू नये. क्वीन, एक्स-रे, झेब्रा हे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. परराज्यात बोलताना धुळ्याच्या जागी दिल्ली, हिंगोलीच्या जागी हैदराबाद घ्यावं. समोरच्याला माहीत असलेला शब्द हाच चांगला शब्द, मग तो आपल्या यादीत नसला तरी चालेल.

मराठी अक्षरांचं काय? इथे आपल्याकडे तयार यादी आहे आणि ती प्रत्येकाला पहिलीपासून पाठ आहे. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, घ घराचा, छ छत्रीचा, ह हत्तीचा. ‘न नळाचा की ण बाणाचा?’ हा प्रश्न मराठी माणूस विचार न करता विचारतो. आपली वर्णमाला मुळातच तोंडातल्या जागांप्रमाणे रचलेली आहे, आणि ध्वनी बिनचूक पोचवण्याची चिंता या देशात फार जुनी आहे. वेदपाठी ब्राह्मण जटापाठात आणि घनपाठात शब्द पुढून-मागून उलटसुलट म्हणत आले, ते याच काळजीपोटी : एक ध्वनी निसटला तर दुसऱ्या फेरीत पकडला जावा.

तरीही अंकलिपीतली यादी फोनसाठी जशीच्या तशी चालत नाही. तिथले शब्द चित्रासाठी निवडलेले आहेत. लहान मुलाला बाण दाखवता येतो, बाळ दाखवता येतं. पण ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ हे मोठ्यानं म्हणून पाहा. दोन शब्दांत फरक आहे तो नेमका त्याच अक्षराचा, जे आपण सांगू पाहतो आहोत. अक्षर ऐकू आलं नाही म्हणून शब्द सांगितला, आणि शब्दात तेच अक्षर निर्णायक ठरलं, तर सांगून काय मिळालं? म्हणून मी ‘ण गणपतीतला’ आणि ‘ळ केळ्यातला’ असं सुचवलं आहे. गणपतीतला ‘ण’ कसाही ऐकू गेला तरी शब्द गणपतीच राहतो. याच कसोटीवर सगळी यादी पुन्हा लावली आहे. श, ष, स यांच्यासाठी शहामृगाचा, पोटफोड्या आणि सशाचा ही रूढ त्रयी ठेवली. ‘पोटफोड्या ष’ इतकं चांगलं नाव बदलण्याचं कारणच नाही. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार, रफार, पाय मोडलेला त, हे शब्द शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरून पक्के केलेले आहेत, ते तसेच घेतले.

ज्या घरांत नावं अरबी-फारसी वळणाची आहेत, त्यांचा जाच अधिक आहे. शेख हे आडनाव रोमनमध्ये निदान चार तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. कुरेशीची सुरुवात कुठे ‘क्यू’नं, कुठे ‘के’नं, झाकीर कधी ‘झेड’नं तर कधी ‘जे’नं. एकाच माणसाच्या आधारवर एक आणि बँकेच्या पासबुकावर दुसरं स्पेलिंग असतं, आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून अनुदान अडतं. यातल्या बऱ्याच चुका नाव पहिल्यांदा नोंदवताना, टेबलाच्या अलीकडून पलीकडे बोलताना झालेल्या असतात. तेव्हा फोनही मधे नव्हता. जाधवांच्या शेवटी कुणी ‘व्ही’ लावतं तर कुणी ‘ओ’, चव्हाणांचेही प्रकार आहेतच. म्हणून पुस्तिकेत एक पान रिकाम्या चौकटींचं ठेवलं आहे. घरातल्या प्रत्येकाचं नाव आधारवर आहे तसं, अक्षराखाली अक्षर आणि त्याखाली गाव, असं तिथे लिहून काढावं.

आकड्यांबद्दल थोडंसं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांच्या अडचणीकडे लक्ष वेधलं होतं. शाळेत काय असावं हा वाद इथे नको. पण फोनवर ‘त्रेसष्ट’ आणि ‘त्र्याहत्तर’, ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांचा घोटाळा सगळ्यांनी अनुभवलेला आहे. सात आणि साठ तर सख्खे भाऊ. म्हणून खाते क्रमांक, मोबाइल, आधार हे एकेक आकडा सुटा करूनच सांगावेत. डबल-ट्रिपल म्हणू नये. सुट्या आकड्यांतही सात आणि आठ एकमेकांजवळ येतात, कारण ‘सात’मधला ‘स’ तारेवर गळतो आणि ‘आत’ उरतं. शंका आली तर मोजून दाखवावं : “पाच, सहा, सात. सात.” बियाण्याच्या वाणाचा क्रमांक मात्र दोन्ही प्रकारे सांगावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सोयाबीनच्या ‘एमएयूएस’ वाणांत १६२ आहे आणि ६१२ही आहे. सुटे आकडे मागेपुढे झाले तर वाण बदलतो. ‘एक सहा दोन, एकशे बासष्ट’ असं म्हटलं तर बदलत नाही.

आणि ऐकणाऱ्याचंही काम आहे. वायरलेसवरचा माणूस निरोप घेतल्यावर तो परत वाचून दाखवतो. विमानाचा पायलट तसं करायला बांधलेलाच असतो. आपल्याकडे परत वाचायला सांगणं अविश्वासाचं समजतात. “काय लिहिलंत ते एकदा वाचून दाखवता का?” हे वाक्य प्रत्येकानं न संकोचता म्हणावं, आणि समोरच्यानं म्हटलं तर राग मानू नये.

पुस्तिका प्रथम शाळांसाठी आहे. सहावी-सातवीच्या मुलांना दोन-दोनच्या जोडीनं पाठमोरं बसवावं, एकानं आपलं पूर्ण नाव, गाव, तालुका गावांच्या यादीतून सांगावं, दुसऱ्यानं लिहावं, मग जागा बदलावी. वर्गात मुद्दाम गोंगाट करू द्यावा, तरच परीक्षा होते. मुलांना आलं की ते घरी आजी-आजोबांना येतं, कारण आजोबांचा फोन आज बहुतेक घरांत नातवंडंच लावून देतात.

सेतू केंद्रांचे चालक, बी-बियाण्यांचे दुकानदार, दवाखान्यात नाव नोंदवणाऱ्या ताई आणि ठाण्यात फोन घेणारे कर्मचारी यांना माझी विनंती आहे. शेवटच्या पानावरची यादी फाडून टेबलासमोर, नजरेच्या उंचीवर लावा आणि महिनाभर वापरा. जो शब्द दोनदा सांगूनही पोचला नाही त्याच्यावर काट मारा, जो आपसूक तोंडात आला आणि एका दमात पोचला तो शेजारी लिहा, आणि ती यादी गावच्या शाळेत आणून द्या. पुढची आवृत्ती तुमच्या याद्यांवरूनच छापायची आहे.